प्रसाद मोजत नाहीत

आमच्या घरात गोड बंद होतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कोणीतरी म्हणेल, बाई झोपली होती का? मुळीच झोपले नव्हते. आमच्या ह्यांना साखर निघाली त्या दिवशीच साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. चहा बिनसाखरेचा, माझासुद्धा. दिवाळीत अनारसे नाहीत. होळीला पुरणाची पोळी झाली ती नैवेद्यापुरती. लग्नाकार्यात जेवायला बसलो की माझं लक्ष स्वतःच्या ताटात कमी आणि ह्यांच्या ताटात जास्त. जिलेबीकडे हात गेला की मी नुसतं "अहो" म्हणायची, पण अशा आवाजात, की शेजारी बसलेला परका माणूसही हातातली जिलेबी खाली ठेवायचा.

आणि त्याच घरात मी टार्ट करून विकत होते.

टार्ट म्हणजे तळहातावर मावेल एवढी खुसखुशीत वाटी, बिस्किटासारखी, आत मऊ गोड सारण आणि वर फळं. हे माझं शहाणपण नाही, माझ्या मुलीने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला होता. ती इथेच रायपुरात, नव्या वस्तीत राहते. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, आणि आमचं भांडण दोन्ही भाषांत अगदी व्यवस्थित होतं. "आई, दिनभर घर में बैठकर पापा पे चिल्लाती हो, कुछ सीख लो," असं म्हणून तिने तिचा जुना ओव्हन आणून आमच्या ओट्यावर ठेवला. व्हिडिओतली बाई वाटीच्या पिठात बदामाची पूड घालत होती. मी म्हटलं, आपल्या जंगलात एवढी चारोळी होते, तर बदाम काहून? चारोळी आणि थोडे काजू भरड कुटले, मैदा, फ्रिजमधलं घट्ट लोणी आणि पिठीसाखर घालून हलक्या हाताने गोळा केला. साचे आणायला सदर बाजारात गेले तर दुकानदाराने आधी इडलीचं भांडं काढलं, मग अप्पेपात्र, आणि शेवटी वैतागून म्हणाला, "दीदी, आप ही अंदर आके देख लो." मी आत जाऊन माळ्यावरच्या धुळीतून माझे साचे शोधले.

आत क्रीम भरायचं होतं, ते मला काही जमेना. मग मी सरळ श्रीखंडासारखा चक्का घोटून भरला. वर पेरू, सीताफळ, डाळिंब, जो हंगाम असेल ते. फळं चकचकीत दिसावीत म्हणून पेरूची जेली वितळवून ब्रशने वरून लावायची, गरम गरम. पहिल्यांदा केले तेव्हा मुलीने एक खाल्ला आणि पहिल्यांदाच मला कशात काही सुधारणा सुचवली नाही. पुढे तिच्या ओळखीतून ऑर्डर यायला लागल्या, मग त्यांच्या ओळखीतून, मग पंडरी बाजारातल्या एका कापडाच्या दुकानातून. साठी जवळ आलेली असताना माझ्या हाताला माझं स्वतःचं काहीतरी लागलं होतं. मी खूश होते, खोटं कशाला बोलू?

आता ह्यांचं सांगते. नोकरी रेल्वेतली, ऑफिसातली. नोकरी होती तोवर ह्यांचा देवाला नमस्कार स्कूटर सुरू करता करता व्हायचा. निवृत्त झाले आणि घरातली पूजा ह्यांच्याकडे गेली, तीसुद्धा सुरुवातीला पाच मिनिटांत आटोपायची. मात्र ओव्हन आला आणि आमच्या घरात भक्तीला असा काही पूर आला, की पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीतल्या बायका मला म्हणायला लागल्या, तुमच्या घरून घंटीचा आवाज फार येतो हो आजकाल.

त्याला कारण होतं. आमच्याकडे करणाऱ्या बाईने नैवेद्याआधी चव घ्यायची नाही. माझी आई घ्यायची नाही, सासूबाई घ्यायच्या नाहीत, मीही घेत नाही. मीठ अंदाजाने, साखर अंदाजाने, आधी देव, मग माणसं. टार्टचंही तेच. पहिला टार्ट देवापुढे. आणि पूजा ज्याने केली, प्रसाद आधी त्याचा. बरं, चारोळीची गंमत अशी की ती फार लवकर खवट होते, आणि खवटपणा माझ्या जिभेला कधीच कळत नाही. ह्यांना लगेच कळतो. त्यामुळे टार्ट ओव्हनमधून निघायचा, देवापुढे जायचा, हे ताटलीभोवती पाणी फिरवायचे, घंटी वाजवायचे, डोळे मिटायचे, मग प्रसाद तोंडात टाकून निकाल सांगायचे.

"चारोळी कशी आहे?" मी ओट्याजवळूनच विचारायची.

"देवाले आवडली."

"देवाचं राहू द्या हो, तुम्हाले काय वाटून राहिलं?"

"चांगली आहे. पण वाटी कालच्यापेक्षा जास्त भाजली तू."

मग मी पुढचे डबे भरायची. ह्यांचा होकार आल्याशिवाय माझ्या घरातून एक डबा बाहेर गेला नाही. आणि एक दिवस ह्यांनी असा विचार मांडला की प्रत्येक ऑर्डर हे वेगळं कार्य आहे. कोणाकडे वाढदिवस, कोणाकडे बारसं. एकाच्या नैवेद्यावर दुसऱ्याचं कार्य कसं निभावायचं? मला ते पटलं. पटायलाच हवं होतं, इतकं छान बोलले होते. तेव्हापासून प्रत्येक ऑर्डरचा पहिला टार्ट देवाला. दिवसाला कधी दोन, कधी चार, सणासुदीला विचारूच नका.

हे सगळं आज लिहिताना इतकं ढळढळीत दिसतं, की माझं मलाच डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. तेव्हा दिसत नव्हतं. दर थोड्या महिन्यांनी आम्ही डॉक्टरकडे जायचो. डॉक्टर रिपोर्ट बघून कपाळाला आठ्या घालायचे आणि विचारायचे, "मीठा?" आम्ही दोघं एका सुरात म्हणायचो, "बिलकुल बंद है." आम्ही खोटं बोलत नव्हतो हो! देवाशपथ सांगते, आमच्या दोघांच्याही मनात तेव्हा टार्ट आलाच नाही. प्रसाद म्हणजे गोड खाणं नव्हे. प्रसाद खात नाहीत, घेतात. तो उजव्या हाताच्या तळव्यावर येतो, डोळ्यांना लावून तोंडात जातो, तो कोण मोजतं? औषधं वाढली, साखर वाढली, पुन्हा औषधं वाढली. मी लॅब बदलली. बटाटा बंद केला, भात मूठभर केला. एकदा तर रिपोर्ट देणाऱ्या मुलीला मी म्हटलं, "तुमची मशीन तरी तपासा कधी." बिचारीने रिपोर्ट पुढे सरकवला.

डिसेंबरचा शेवट होता. ऑर्डरांची झुंबड उडाली होती. सकाळी मी जेलीचं पातेलं गॅसवरून काढून ओट्याच्या कडेला ठेवलं, आणि एका हाताने टार्टवर ब्रश फिरवत होते. हे आंघोळ करून, सोवळं नेसून, हातात नैवेद्याची ताटली घेऊन माझ्या अगदी बाजूला उभे होते. रोज तसेच उभे राहायचे, लहान मुलासारखे. माझा कोपर लागला आणि पातेलं कलंडलं. उकळती जेली कडेवरून ओघळली आणि पचकन ह्यांच्या डाव्या पायावर पडली.

मी किंचाळले. ब्रश फेकला, नळाकडे धावले, पाण्याचा तांब्या घेऊन वळले. हे तिथेच उभे. हातात ताटली, तोंडावर काळजी, पण माझी.

"काय झालं? हात भाजला का तुझा?" मला विचारत होते.

मी खाली बोट दाखवलं. ह्यांनी खाली पाहिलं. बोटांवर लाल जेली चिकटलेली, तिच्यातून अजून वाफ येत होती. हे बघत राहिले, जणू तो पाय दुसऱ्या कोणाचा आहे. मग म्हणाले, "अरे."

एवढंच, अरे. मी माझ्या हातावर शिंतोडा उडाला तरी दिवसभर कण्हणारी बाई. आणि ह्यांना काही कळलंच नव्हतं. पाण्याखाली पाय धरला, जेली निघाली आणि तिच्याबरोबर कातडी निघाली, तरी मला म्हणतात, "रडून काहून राहिली? दुखत नाही मले." मी जोरात ओरडले, "म्हणूनच रडून राहिले!"

डॉक्टरांनी पट्टी केली, गोळ्या दिल्या, पाणी लावू नका म्हणाले. दुखत नसल्यामुळे ह्यांना तो पाय लक्षातच राहायचा नाही. अनवाणी पूजा करायचे, पट्टी भिजायची, मी ओरडायची. जखम सुकण्याऐवजी ओली व्हायला लागली. मग एक दिवस घरात वास आला. मला वाटलं चारोळी खवट झाली, मी डबे हुंगत बसले. मोठी चारोळीवाली! वास पट्टीचा होता. मुलीला फोन केला, ती गाडी घेऊन आली, आणि आम्ही ह्यांना दवाखान्यात भरती केलं.

तिथे आहार सांगणारी एक बाई होती, तिशीची असेल, बोलायला फार गोड. खाटेजवळ खुर्ची ओढून तिने ह्यांना विचारलं, "अंकल, सुबह उठने से शुरू कीजिए. जो भी मुँह में जाता है, सब."

हे सांगायला लागले. पाणी. बिनसाखरेचा चहा. मेथीदाणे. आंघोळ, पूजा, प्रसाद, मग नाश्त्याला मुगाचं धिरडं.

"प्रसाद में क्या लेते हैं? मिश्री?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्या क्षणी आम्हा दोघांच्याही डोक्यात एकदमच प्रकाश पडला असणार, कारण ह्यांचा चेहरा माझ्यासमोर पांढरा पडला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "टार्ट."

"एक?"

ह्यांनी पांघरूण नीट केलं. शेवटी मीच म्हटलं, "जितने ऑर्डर, उतने."

खिडकीजवळ माझी मुलगी उभी होती. "आई!" ती म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. "आप दोनों पागल हो क्या? मुझसे बोलते हो एक बूँद शक्कर नहीं आती घर में! मैंने ओव्हन इसलिए दिया था?" तिला बाहेर ने, असं मला ह्यांनी खुणेने सांगितलं. मी नेलं नाही. तिने ओरडायलाच हवं होतं. मला कोणीतरी ओरडायलाच हवं होतं. आहारवाली बाई मात्र ओरडली नाही, तिने फक्त हळूच सांगितलं, "भगवान का हो या बाज़ार का, आंटी, शरीर में जाके सब एक ही है." मला तोंडात मारल्यासारखं झालं.

डाव्या पायाचं एक बोट काढावं लागलं. मग बाजूचं दुसरंही. ऑपरेशनच्या खोलीत नेताना हे मला म्हणाले, "पेरू आणून ठेवले होते ना तू? खराब होतील." मी म्हटलं, "मसणात जाऊ द्या ते पेरू." मग बाकावर बसून पदराने तोंड दाबून रडले. देवाचा मला इतका राग आला होता, की जप करायला बसले तर नाव आठवेना. मनात म्हटलं, तुला दाखवलं ना रे सगळं, पहिला घास तुझा, मग माझ्या माणसाचं तू हे काय केलंस? आणि लगेच वाटलं, त्याने काय केलं? त्याने तर एकही टार्ट खाल्ला नाही.

मोठ्या डॉक्टरांनी घरी सोडताना मला बाजूला घेतलं. डाव्या पायाची जखम सुकेल म्हणाले, वेळ लागेल. पण खरी काळजी उजव्या पायाची. तो अजून धड आहे, त्यातली जाणीव टिकली पाहिजे, नाहीतर खिळा रुतला तरी कळायचं नाही आणि हेच सगळं पुन्हा, कदाचित गुडघ्यापर्यंत. रोज एकदा ह्यांना डोळे मिटायला लावायचं आणि आपल्या बोटाने पायाच्या बोटांना हलकेच स्पर्श करून विचारायचं, कळलं का. कळेनासं झालं तर त्याच दिवशी दवाखान्यात आणायचं. मी "हव" म्हटलं. माझ्या तोंडून तेवढंच निघालं.

घरी आल्यावर मी ओव्हनवर जुनी चादर टाकली, साचे पोत्यात बांधून माळ्यावर टाकले. ऑर्डरवाल्या बायकांना सांगितलं, आता नाही करत. मुलगी म्हणाली, बरं झालं. हे मात्र रोज कुबडी टेकत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायचे, चादरीकडे बघायचे आणि परत जायचे. संध्याकाळी मी ह्यांच्या पायाशी बसायची. "मिटा डोळे." अंगठा. "कळलं का?" "हो." करंगळी. "कळलं का?" "हो ना." सगळी बोटं पास. माझा जीव भांड्यात पडायचा. त्या तेवढ्या वेळापुरतं आमचं घर शांत असायचं.

एक दिवस भाजी घेऊन आले तर चादर खाली पडलेली, आणि हे ओट्याला टेकून उभे.

"आजपासून सुरू कर," म्हणाले.

"काही गरज नाही."

"माझ्या बोटाच्या नावाने तुझं काम बंद नको करू. मले नाही आवडत ते. दोन बोटं माझी गेली, तुझे हात काहून बांधून ठेवले तू?"

"आणि वास दरवळला की? देवापुढे ठेवलं की? हात आवरेल तुमचा?"

ह्यांना राग आला, कुबडी आपटली. "मी काय लहान पोट्टा आहे का?"

"लहान पोट्टा बरा! त्याले बोललं तर कळते!"

पुष्कळ भांडलो. चहा झाला, पुन्हा भांडलो. शेवटी असं ठरलं की ऑर्डर घ्यायची, नैवेद्यही दाखवायचा, तो बंद करायचं माझ्याही जिवावर आलं, पण दिवसाला एकच. आणि प्रसाद मी घ्यायचा. टाकायचा तर नाहीच, नाकारायचाही नाही, म्हणून मी. खवट आहे की नाही ते हे नुसतं वासावरून सांगतील. वास घ्यायला साखर लागत नाही.

तो पहिला दिवस. मी साचे धुतले, चारोळी कुटली, ह्यांनी मुठीत घेऊन हुंगली आणि मान डोलावली. वाट्या भाजल्या, चक्का भरला, पेरूच्या पातळ फोडी लावल्या. जेली मी आधीच थंड करून ठेवली होती, चकाकी नाही आली तर नाही आली. हे देवघरापुढे खुर्चीवर बसले, खाली बसता येत नाही आता. पट्टी बांधलेला डावा पाय स्टुलावर, उजवा जमिनीवर. मी ताटली देवापुढे ठेवली. ह्यांनी वाकून पाणी फिरवलं, घंटी वाजवली, हात जोडले आणि डोळे मिटले. तोंडाला पाणी सुटलं होतं, गिळताना गळ्याची घाटी हलली ते मला दिसलं. पण हात जागचा हलला नाही. मला इतकं भरून आलं, म्हटलं, जिंकलं माझ्या माणसाने.

डोळे मिटलेलेच होते, तर म्हटलं, आजचं काम आत्ताच उरकून टाकू. मी ह्यांच्या उजव्या पायाशी बसले. प्रसाद घ्यायचा म्हणून ताटली तेवढ्यात देवापुढून उचलली होती, ती दोन्ही हातांत तशीच होती. ती खाली ठेवायच्या आधीच, रोजची सवय, माझ्या तोंडून निघून गेलं.

"कळलं का?"

"हो," हे म्हणाले. "अंगठा ना? कळलं."

मी हात लावलाच नव्हता.

हे डोळे मिटून, हात जोडून बसले होते, चेहऱ्यावर रोज संध्याकाळी असतं तेच, माझी समजूत घालणारं हसू. मग मी ताटली मांडीवर ठेवली आणि त्या अंगठ्यावर बोट ठेवलं. आधी हलकेच, मग दाबून, मग नख रुतवलं. हे तसेच बसून होते. थोड्या वेळाने डोळे न उघडता मला म्हणाले, "झालं? आता प्रसाद घे तू. वाटी मऊ पडून राहिली."

मी टार्ट उचलला, डोळ्यांना लावला आणि सगळा खाल्ला. मग उठले आणि मुलीला फोन लावला, गाडी घेऊन ये म्हणून.